एकनाथरावांची मनधरणी

नारायणगुड्याच्या एकनाथराव बिरादारांनी सहा वर्षांत अकरा वेळा मोबाइलची कंपनी सोडायचा अर्ज केला आणि नऊ वेळा मागे घेतला. दराशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. फुकट बोलू दिलं असतं तरी हा गृहस्थ सोडून निघालाच असता.

त्यांची सगळी नोकरी गौलीगुड्याच्या बस स्टँडवर, चौकशीच्या खिडकीत गेली. एकतीस वर्षं माणसं त्यांना एकच विचारत आली, इथून जायचं कसं. निवृत्तीच्या दिवशी शाल मिळाली, नारळ मिळाला, आणि दुपारच्या चहाला त्यांच्या खुर्चीत दुसरा बसलेलाही होता. अजून थोडे दिवस राहा, असं कुणी तोंडदेखलंही म्हटलं नाही. ते त्यांच्या मनाला फार लागलं.

मग एकदा, कोपऱ्यावर छत्री लावून सिमकार्डं विकणाऱ्याच्या नादी लागून, त्यांनी नंबर दुसरीकडे न्यायचा मेसेज पाठवला. तीन तासांत जुन्या कंपनीच्या मुलीचा फोन आला. "सर, आप हमें छोडकर क्यूं जा रहे हैं?" लग्नात रुसलेल्या व्याह्यासारखे एकनाथराव तीन फोन होईपर्यंत ताणून बसले आणि मग मोठ्या मनानं राहिले.

त्या दिवसापासून त्यांना चटक लागली. मेसेज पाठवला की ते दाढी करत, इस्त्रीचा सदरा घालत आणि खिडकीशी खुर्ची टाकून बसत. तेवढा वेळ पद्मावतीबाईंनी मिक्सर लावायचा नाही, कुकरची शिट्टी होऊ द्यायची नाही. बाई बिचाऱ्या खवलेलं खोबरं घेऊन ताटकळत. एका कंपनीच्या मुली फारच आर्जवानं बोलतात असं कळल्यावर राव खरोखर त्या कंपनीकडे गेले. तिची रेंज फक्त गच्चीवर यायची. मग मनधरणी ऐकायला भर उन्हात गच्चीवर खुर्ची गेली, आणि वर छत्री धरायला पद्मावतीबाई.

पण धंद्यातली चुरस ओसरली. एक कंपनी बुडाली, एक दुसरीत विरघळली, आणि उरलेल्यांना एकनाथराव राहिले काय नि गेले काय, सारखंच झालं. अकराव्या वेळी ते सदरा घालून तीन दिवस गच्चीवर बसले. चौथ्या दिवशी फोन आला तो यंत्राचा. राहायचं असेल तर एक दाबा, जायचं असेल तर दोन. रावांनी त्या यंत्राला आपली सगळी नाराजी सविस्तर सांगितली. यंत्रानं शांतपणे पुन्हा एक आणि दोनच सांगितलं. मग मात्र ते संतापानं दोन दाबून खाली उतरले, छत्रीवाल्याकडे गेले आणि नवं कार्ड घेऊन आले.

घरात आले तर पद्मावतीबाई बॅग भरून तयार.

"पुण्याला शिल्पाकडं निघाले मी," त्या म्हणाल्या. शिल्पा त्यांची मुलगी. "परत कधी येईन ते सांगता येत नाही."

एकनाथरावांच्या तोंडून आपसूक निघालं, "पुण्याची गाडी साडेसहाला. डाव्या बाजूला बैस, ऊन लागणार नाही."

बाई बॅग उचलून जिना उतरू लागल्या. दोन मजले उतरेपर्यंत रावांना वाटत होतं, आपण माहिती बरोबर दिली. बाई तिसरा मजला उतरू लागल्या तेव्हा लक्षात आलं, आपण तिला राहा म्हटलंच नाही. ते अनवाणीच खाली धावले.

बाई रिक्षात बसतच होत्या. रावांनी बॅगेचा बंद धरला. इतक्या जणींचं ऐकलं होतं, पण स्वतः कुणाला थांब म्हणायची वेळ जन्मात आली नव्हती. रिक्षावाला म्हणाला, "चच्चा, जाना हे क्या नै?"

"पद्मा," एकनाथराव म्हणाले. चाळीस वर्षांत नाव घेतलं नव्हतं. "मला तुझ्यावाचून करमायचं नाही."

"नीट ऐकू आलं नाही."

त्यांनी पुन्हा सांगितलं. खालच्या दुकानातल्या वाण्यानं तराजू थांबवला, शेजारच्या सुनंदाबाई गॅलरीत आल्या. बाईंनी तिसऱ्यांदा म्हणायला लावलं, तेही त्यांनी मोठ्यानं म्हटलं. लाज वाटली, पण म्हटलं. त्या सगळ्यात बाईंचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते पुसलेही नाहीत.

मग त्यांनी रावांची बोटं एकेक करून बंदावरून सोडवली आणि बॅग आत ओढली.

"आठ दिवसांनी येते," त्या म्हणाल्या. "आणि रोज विचारा, कधी येतेस म्हणून."