न कापलेली बांगडी

माझी मावशी सोनं गाळायची. जुने दागिने तेजाबात विरघळवून त्यातलं चोख सोनं वेगळं काढायचं, हा तिचा धंदा. काका गेल्यावर लोक म्हणाले, "हे बाईमाणसाचं काम नव्हे." मावशी म्हणाली, "तेजाबाला कुठं कळतंय?" आणि दुकान चालू ठेवलं.

भित्री म्हणावी इतकी ती जपून वागायची. तेजाब पाण्यात ओतायचं, पाणी तेजाबात कधीच नाही. काचेचं भांडं धुराड्याखालीच ठेवायचं. एक तुकडा शांत झाल्याशिवाय दुसरा टाकायचा नाही. आणि पोकळ दागिना आधी कापायचा, आत भरलेली लाख खरवडून काढायची. लाख गरम तेजाबात पडली की ते चवताळतं. मी चुळबुळ केली की विचारायची, "तुला काय लग्नाला जायचंय?" तिच्या शिस्तीचा मला जाम कंटाळा यायचा.

त्या दुपारी माझ्या आईची बांगडी गाळायची होती. आई, म्हणजे तिची धाकटी बहीण, नुकतीच गेली होती. बांगडी पोकळ, चेपलेली होती, म्हणून त्या सोन्याची माझ्या मुलीला कानातली करायचं मावशीनंच ठरवलं होतं. तिनं कातर उचलली, ठेवली, पुन्हा उचलली.

"हिच्या हातातली गं," ती म्हणाली. "मला कापवत नाही."

आणि अख्खी बांगडी तेजाबात सोडली. गाळायला मन तयार, कापायला नाही! मी तोंड उघडेपर्यंत ती बुडालीसुद्धा.

भांडं क्षणभर गप्प राहिलं. मग भसाभस फेस आला आणि लालसर तपकिरी धुरानं खोली भरली. मावशीनं मला दाराबाहेर ढकललं. शेगडी बंद करून, खिडक्या उघडून, खोकत खोकत ती आपल्या पायांनी बाहेर आली.

दवाखान्यात पोचेपर्यंत खोकलाही थांबला. छातीचा फोटो स्वच्छ निघाला.

"तरी घरी सोडणार नाही," डॉक्टर म्हणाले. "हा धूर उशिरा गाठतो. माणूस हसतखेळत असतो आणि मागाहून छातीत पाणी भरतं."

मावशीनं नर्सच्या कानातल्यांचा कस सांगितला. शेजारच्या खाटेवरच्या आजींना पोट धरून हसवलं. इतक्या मोकळेपणी हसताना मी तिला कित्येक दिवसांत पाहिलं नव्हतं. मला त्या हसण्याचीच भीती वाटायला लागली.

ऊन उतरलं. बोलता बोलता ती थांबली आणि कान देऊन ऐकू लागली.

"इथं कुणी काही उकळत ठेवलंय का गं? बारीक बुडबुडे वाजतायत."

खोलीत शेगडी नव्हती. मी वाकून तिच्या तोंडाशी कान नेला. आवाज तिच्या श्वासातून येत होता.

मी नर्सला ओरडून हाक मारली. मावशी मात्र दाराकडेच बघत होती.

"बघून ये की," ती म्हणाली. "उतू जाईल."