सतराव्या किलोमीटरची गाडी

गेल्या वर्षी मी सतराव्या किलोमीटरला गाडीत बसलो. शर्यतीत सगळ्यांच्या मागून एक मिनीबस हळूहळू येते आणि मागे पडलेल्यांना उचलते, तीच ही गाडी. कंपनीत सांगितलं, गुडघा धरला. गुडघ्याला काही धाड भरली नव्हती. मी थंडीनं काकडलो होतो आणि आत ब्लँकेट होतं, एवढंच. ते खोटं वर्षभर सलत राहिलं. यंदा काही झालं तरी गाडीत बसायचं नाही, हे ठरलेलं होतं.

जानेवारीच्या गारठ्यात एकवीस किलोमीटर पळायचं, हे कुठलं खूळ, असं लोक विचारतात. बायको तर विचारतही नाही, मी निघालो की काळेवाडीच्या खोलीचं दार लावून पुन्हा झोपते. चाकणला मी आठ तास मशीनसमोर एका जागी उभा असतो. कधी बसायचं, कधी पाणी प्यायचं, सगळं दुसऱ्याच्या हातात. थंडीत पळताना आधी नाक-कान झोंबतात, मग पोटातून ऊब वर येते, आणि ती माझी मी कमावलेली असते. मला तिची चटक लागली आहे.

चटक लावली शेजारच्या मशीनवरच्या भाऊंनी. चाकणजवळच्या गावातले, पन्नाशी ओलांडलेले, अजूनही शेताला पाणी देऊन मग शिफ्टला येणारे. यंदा शर्यत सुटण्याआधी माझ्या शेजारी उभे राहून ते एवढंच म्हणाले, "हळू निघ. हितं ढीग लावायचा न्हाई."

आमच्या लाईनवर एक रीत आहे. पहिल्या चार तासांत निम्म्याहून जास्त पीस काढून ढीग लावायचा, म्हणजे जेवणानंतर हात सैल सोडता येतो. दहा वर्षांची सवय, एका वाक्यानं कशी जाणार? पहिले दहा किलोमीटर मी असा पळालो की भाऊ दिसेनासे झाले. आता पुढे निवांत, असं मी मनाशी म्हणत होतो. देहूरोडच्या पुढे चढ लागला आणि पायांतला जीव गेला. धुकं हटलं नव्हतं, वारा समोरून बोचत होता, ओला टीशर्ट पाठीला चिकटला होता. भाऊ आपल्या त्याच चालीनं शेजारी आले. थांबू नका, असं मीच हातानं खुणावलं.

सतराव्याला मागून इंजिनाचा आवाज आला. मी वळून पाहिलं नाही. गाडी बरोबरीला आली, दार उघडं होतं. आतल्या बाईंनी समजुतीनं सांगितलं की तीन तासांची मुदत तुम्हाला आता गाठता येणार नाही, बसा. माझे दात वाजत होते, मांडीत गोळा आला होता. सीटवर ब्लँकेट घडी करून ठेवलेलं दिसलं आणि माझा हात दाराच्या दांड्याकडे गेलाच. त्या क्षणी मला स्वतःची भीती वाटली.

"नाही बसत," मी म्हणालो.

मग नंबर द्यावा लागेल, त्या म्हणाल्या, यापुढे तुम्ही शर्यतीत नाही. थिजलेल्या बोटांनी पिना निघेनात. शेवटी त्यांनीच खाली उतरून माझ्या छातीवरचा कागद काढून घेतला, हातात पाण्याची बाटली दिली आणि गाडी पुढे गेली.

रस्ता वाहतुकीला खुला झाला. ट्रक अंगाला घासून जात होते. एका टेम्पोवाल्यानं वेग कमी करून विचारलं, काय राव, कंपनीची बस चुकली का. मी पळत होतो, चालत होतो, पुन्हा पळत होतो. डोळ्यांपुढे अंधारी आली तर उचलायलाही आता कुणी नाही, हे सारखं मनात येत होतं.

पोचलो तेव्हा शर्यत संपते तिथल्या फुगवलेल्या कमानीतली हवा काढून ती गुंडाळणं चाललं होतं. दोऱ्या, फलक, सगळं टेम्पोत चढलं होतं. नक्की कुठे थांबायचं तेच कळेना. रिकाम्या रस्त्याच्या मधोमध भाऊ एकटे उभे होते, गळ्यात पदक, अंगात पळतानाचाच ओला टीशर्ट, ओठ काळेनिळे. मी त्यांच्यापाशी जाऊन थांबलो.

"रेघ हितं व्हती," पायाखाली बोट दाखवत ते म्हणाले. "म्हणून हाललो न्हाई."