ओरेस्टशेजारची खुर्ची

११ जुलै २०१८, बुधवार. सास्काटून. दिवसभर ऊन, संध्याकाळी वारा. मारिका दुपारच्या विमानाने टोरांटोहून आली. तिचे गुडघे जिना चढत नाहीत, म्हणून नदीकाठच्या हॉटेलात उतरली. उद्या ओरेस्टला जाऊन वर्ष होईल. गहू भिजत घातले.

वहीत हे लिहिल्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी डोकिया पेरोहींमध्ये बटाट्याचं सारण भरून कडा दाबत होती, तेव्हा मारिकाचा फोन आला. मारिका तिची नणंद, ओरेस्टची एकुलती एक बहीण. आवाज मऊ होता. "वहिनी, जेवण इकडेच करू या का? हॉटेलातला मुलगा म्हणतो, तुमच्या भागात बाहेरच्यांनी जाऊ नये. टॅक्सीनेसुद्धा नको म्हणतो."

तुमचा भाग. डोकियाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मारिका याच घरात जन्मली, याच स्वयंपाकघरात रांगली. प्रिस्तुपांच्या, म्हणजे ओरेस्टच्या युक्रेनी घराण्यात, वर्षाच्या जेवणाला वारलेल्या माणसाचं ताट मांडतात आणि त्याच्या शेजारी त्याच्या रक्ताचं माणूस बसतं. ओरेस्टचं असं एकच माणूस उरलं होतं, आणि ते हॉटेलात काट्याचमच्याने मासा खाणार होतं. डोकियाने गॅस बंद केला, चर्चला जायचे बूट चढवले आणि बस पकडली.

काउंटरवरच्या मुलाच्या छातीवर ब्रेडी नाव होतं. तो फार नम्र होता. त्याने मारिकाला दिलेला नकाशाही दाखवला. डोकियाच्या विसाव्या रस्त्यावर फुली, आणि पुलाखाली नदीतल्या वाळूच्या पट्ट्याभोवती गोल. तिथे पाय भिजवायला छान वाटतं, म्हणाला. आमच्या रस्त्याला तू शेवटचा कधी गेलास, असं डोकियाने विचारलं. तो कधीच गेला नव्हता. सगळे सांगतात म्हणून तोही सांगत होता.

"मग ऐक बाळा. ज्या वाळूवर तू हिला पाठवतोयस, तिथे मागच्या उन्हाळ्यात एक बाहेरगावचा बाप पोरीदेखत बुडाला. वाळू पायाखालून सरकते. तिथे फुली का नाही मारलीस?"

मुलाने माफी मागितली. टॉवेल ओला निघाला म्हणून मागतात तशी. त्याने तिचा राग आणखीच वाढला.

मारिका लॉबीतल्या सोफ्यावरून उठून आली होती. लोक बघतायत, असं ती दोनदा म्हणाली. मग हळूच म्हणाली, "मी होते तेव्हाची गल्ली राहिली नाही, वहिनी. तेव्हा सगळे आपलेच होते, युक्रेनी."

डोकियाने काही झाकलं नाही. हो, शेडचं कुलूप फुटलं, ओरेस्टची सायकल गेली, काही रात्री आरडाओरडाही होतो. म्हणून बसमध्ये ड्रायव्हरच्या मागे बसायचं, दिव्यांच्या बाजूने चालायचं, कुणाच्या भांडणात थांबायचं नाही, समोरच्याला नमस्कार करायचा. टोरांटोत तरी मारिका वेगळं काय करते?

"आणि आपले म्हणशील, तर आपले सगळे नदीपलीकडे घरं बांधून गेले. ओरेस्ट अंथरुणाला खिळला तेव्हा दारातलं बर्फ शेजारच्या डेल्फीनने उपसलं. क्री बाई आहे, इथल्या मूळ रहिवाशांपैकी. तू कार्ड पाठवलंस."

मारिका बसमध्ये चढली. ती ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसली, पर्स मांडीवर.

घरी ती ओरेस्टच्या ताटाशेजारी बसली. मध घातलेले गहू तिने सगळ्यात आधी त्याच्या ताटात वाढले. तेवढ्यात डेल्फीन घरी भाजलेली जाड भाकरी घेऊन आली. मारिकाने हसून हात मिळवला आणि तोच हात पुन्हा मांडीवरच्या पर्सवर ठेवला. जेवण संपत आलं तरी तो तिथेच होता.

"खुर्चीखाली ठेवा की ताई," डेल्फीन कांदा वाढून घेत म्हणाली. "या घरातलं मांजरसुद्धा पैशाला शिवत नाही."

मारिका लाल झाली. पर्स मात्र हलली नाही. डोकियाला ती हिसकावून अंगणात भिरकावावीशी वाटली. पण खुर्ची रिकामी राहिली नव्हती. तिने दात आवळून पेरोही वाढल्या.

अंधारायच्या आधी डेल्फीनने आपल्या गाडीतून हॉटेलात सोडते म्हटलं. मारिकाने डोकियाकडे पाहिलं. डोकिया भांडी विसळत राहिली, मागे वळली नाही. थोड्या वेळाने गाडीची दोन्ही दारं लागल्याचा आवाज आला.

मग हात कोरडे करून तिने वही उघडली. गुरुवार. मारिका जेवून गेली. आंबट साय अर्धी वाटी उरली, तळलेला कांदा पुरला नाही.