मिरचीच्या धुरातलं बेलफास्ट

मला पडद्यावरच्या स्फोटांचं भारी वेड. मोटार हवेत उडते, इमारत ढासळते आणि मी खुर्चीत टाळ्या पिटतो, कारण त्यात कुणाला साधं खरचटलेलंही नसतं. म्हणून आयर्लंडच्या भांडणावरचा माहितीपट पाहताना माझे हात मांडीवरच राहिले. तिथला धूर खरा होता. बेलफास्टमध्ये कॅथलिक आणि प्रोटेस्टंट वस्त्यांच्या मधे उंच भिंती आहेत. समझोता होऊन इतका काळ लोटला तरी पुष्कळशा उभ्याच. त्यांना म्हणे शांततेच्या भिंती म्हणतात. हे नाव शोधणाऱ्याला एकदा चहा पाजायची माझी इच्छा आहे.

माझा मित्र इथे नंदुरबारात लग्नमांडवांसाठी थर्मोकोलचे महाल आणि हत्ती करतो. तो पलीकडच्या मुसलमान गल्लीतला, मी अलीकडच्या हिंदू गल्लीतला. लाउडस्पीकरवरून कुरबुर झाली, तेव्हापासून दोन्ही गल्ल्यांचं एकमेकींकडे चहाला जाणं बंद. आमच्याकडचे नाना आणि त्यांच्याकडचे चाचा जन्मभर मिरचीच्या बाजारात शेजारी बसले, पण आता समोरासमोर आले की दोघांनाही आभाळात काहीतरी पाहायचं असे. बेलफास्टशी फरक एवढाच, की आमची भिंत दिसत नव्हती. ती थर्मोकोलची करून दाखवायची आणि मोबाइलवर छोटा सिनेमा काढायचा, असं आम्ही दोघांनी ठरवलं.

नाना आणि चाचा पडद्यावर झळकायच्या हौसेने लगेच तयार झाले. मात्र दोघांनी वेगवेगळं गाठून मला एकच अट घातली: शेवटी हात मिळवायचा नाही. खरं तर आम्हाला तो हातच हवा होता, सिनेमा हे निमित्त.

रविवारी सकाळी भिंत उभी राहिली. विटा इतक्या अस्सल की एक बकरी तिला अंग घासून गेली. भिंतीच्या अल्याड नाना, पल्याड चाचा. दंगलीचा धूर म्हणून मित्राने पेटत्या कोळशावर ओली बारदानं टाकली. पांढरा, दाट धूर काढायची ही त्याची हुकमी युक्ती. फक्त बारदानं मिरचीची होती. परगावच्या माणसाला ती उचलतानाच शिंका आल्या असत्या. आमच्या नाकांना गावाबाहेर पथाऱ्यांवर, म्हणजे मोकळ्या मैदानात पसरून, वाळणाऱ्या मिरचीची इतकी सवय, की कुणालाच काही जाणवलं नाही.

पुढे अभिनयाची गरजच उरली नाही. आख्खी गल्ली खोकत सुटली. नाना आंधळ्यासारखे हात पसरून धावले ते थेट भिंत फोडून पलीकडे. तिथे कुणीतरी त्यांचं मनगट धरलं, ओट्यावर बसवलं आणि दुधात भिजवलेलं फडकं डोळ्यांवर ठेवलं.

"कोण शे रे?" नाना अहिराणीत कण्हले.

"डोया मिटी ठेव, मंग सांगसू," चाचा म्हणाले. त्यांचेही डोळे वाहत होते.

आवाज ओळखून नानांचा हात फडक्याकडे गेला. आता फडकं फेकतात की काय, म्हणून माझा खोकलाही थांबला. फडकं चाचपत नाना म्हणाले, "दूध पातळ शे तुन्हा घरनं."

"डोयामा घालाले शे, पेवाले नही."

नानांनी फडकं उलटं केलं आणि पुन्हा डोळ्यांवर दाबलं.

मोबाइल तीन काठ्यांच्या तिकाटण्यावर तसाच चालू होता. धूर विरल्यावर आम्ही सगळे त्याच्याभोवती गोळा झालो. चाचांचा हात, त्यात नानांचं मनगट, सगळं आलं होतं. मित्राने हळूच विचारलं, "हाच शेवट ठेवू का?"

"ठेवू नको," नाना म्हणाले. "मन्हं तोंड फडक्यामा शे. परत काढ."

"आणि मैं तो पुरा पाठमोरा," चाचा म्हणाले. "परत काढ. पण हात पहिले मी देसू."

"तू का म्हणून? भिंत मी फोडी."

हात आधी कुणी पुढे करायचा यावर दोघांचं कडाक्याचं जुंपलं. चाचांच्या घरातून चहा आला, तो पितापिता भांडण चालू राहिलं. मी आणि मित्र खाली बसून थर्मोकोलचे तुकडे गोळा करू लागलो. शेवटासाठी भिंत पुन्हा लागणार होती, निदान दुपारपर्यंत.