घोडं फटाक्यांनी उधळलं होतं

निवृत्ती मस्के गेला त्या घटकेला मी गेवराईत एका पतसंस्थेच्या वर्धापनदिनाला मंचावर उभा राहून त्याचीच गोष्ट सांगत होतो. खिशात फोन थरथरला. मी तो वरूनच दाबला, कारण घोडं उधळायला दोनच वाक्यं उरली होती आणि समोरचा मांडव हसायच्या तयारीत पुढं सरकून बसला होता. अशा वेळी फोन घेतो तो कसला सूत्रसंचालक! घोडं उधळलं, मांडव हसला, अध्यक्षांनी डोळे पुसले. मी शाल घेतली, नारळ घेतला, खाली उतरलो आणि मग फोन लावला. पलीकडून निवृत्तीच्या बायकोचा, कौशल्यावहिनींचा आवाज आला. "भाऊजी, गेले हो ते. म्हणलं पहिल्यांदा तुमाला कळवावं." पहिल्यांदा मला... आणि मी फोन कापला होता.

उमापूरच्या शाळेत आम्ही एका बाकावर होतो. पुढं मी साखर कारखान्याच्या शेतकी विभागात चिकटलो आणि तिथं मला माईक सापडला. गळीत हंगामाचा शुभारंभ असो की चेअरमनसाहेबांचा वाढदिवस, माईक माझ्याच हातात. निवृत्ती गावातल्या ब्रास बँडमध्ये गेला. पोटाशी धरून वाजवायचं ते मोठं पितळी वाद्य, युफोनियम, त्याच्या वाट्याला आलं. आमच्याकडे त्याला नुसतं 'बाजा' म्हणत. निवृत्तीची एक खोड होती. सगळा बँड गाण्याची चाल वाजवायचा आणि हा पठ्ठ्या चालीच्या खालून काहीतरी दुसरंच वाजवत चालायचा. वरात पुढं, हा खाली. बँडमालक वैतागायचा, वऱ्हाडी वळून बघायचे. मीही एकदा त्याला झापलं होतं.

"कावून बे, सगळे वाजवतात ते वाजव की!"

"सगळे वाजवायलेत की ते. मी अजून तेच कावून वाजवू? खाली जागा रिकामी हाय ना बे."

त्याला ही जागा कुणी दाखवली नव्हती. त्याच्या कानाला ती रिकामी वाटायची, म्हणून तो भरायचा, एवढंच.

मग ते दुष्काळाचं साल आलं. उसाचं टिपरूही नव्हतं, कारखान्याचा बॉयलर पेटलाच नाही आणि आवारात जनावरांची छावणी लागली. कारखान्याच्या शिक्षण निधीतून संचालक मंडळ दरसाल समुद्रकिनारी अभ्यासदौऱ्याला जात असे. समुद्राचा आणि उसाचा काय अभ्यास व्हायचा ते त्यांचं त्यांना माहीत, पण त्या साली लोक टँकरमागं पळत असताना दौऱ्याला निघायची कुणाची छाती झाली नाही. चेअरमनसाहेबांच्या पुण्याच्या सुनेनं सुचवलं की मुंबईचा एक पाश्चात्त्य वाद्यवृंद गावोगाव जाऊन लोकांना संगीत समजावून सांगतो, त्यांना बोलवा, तेही शिक्षणच. ठराव मंजूर झाला. जागा कोणती? साखरेचं गोदाम. ते रिकामंच होतं.

काय थाट होता तो! पत्र्याच्या गोदामात काळ्या कोटातली तीस माणसं, व्हायोलिनं, माणसाएवढाल्या चेलो, आणि समोर पोत्यांवर बसलेले सभासद. निम्मे लोक सिनेमाची गाणी ऐकायला मिळतील म्हणून आले होते. वाद्यवृंदाचे संचालक सर मूळचे गोव्याचे, वयस्कर, गोड बोलणारे. ते म्हणाले, "तुम्ही सगळे एका सुराच्या मागे जाता, सुंदर जाता. आज मी एकाच वेळी दोन वेगळे सूर ऐकवतो. ते भांडत नाहीत. याला म्हणतात हार्मनी." त्यांनी आधी नुसती चाल वाजवून घेतली. मग त्याच चालीच्या खाली चेलो सोडल्या, आणि ते गोदाम अख्खंच्या अख्खं घुमलं. माझ्या शेजारचा, ऊसतोडीच्या चिठ्ठ्या वाटत फिरणारा चिटबॉय "आयला" म्हणाला. मग सरांनी चेलोंना हातानं थांबवलं. वर चाल तीच, पण घरातला कर्ता माणूस पंगतीतून उठून गेल्यासारखी. "बघा," सर म्हणाले, "तो होता तेव्हा तुम्हाला दिसला नव्हता."

मग त्यांनी आम्हालाच कामाला लावलं. उजव्या बाजूच्या लोकांनी 'ग' धरायचा, डाव्या बाजूच्यांनी खालचा 'सा'. पहिल्यांदा केलं, डावे लोक चार मोजेपर्यंत वर सरकून 'ग'वर जाऊन बसले. दुसऱ्यांदा तेच. माणसाचा कान मोठा लबाड, जिकडे गर्दी तिकडे जातो. तिसऱ्यांदाही सगळी डावी बाजू वर गेली, पण मागच्या भिंतीकडून एक आवाज मात्र खालीच राहिला. जाड, शांत, एका जागी. सर हात वर धरून थांबले. "कोण? कोण आहे तो?"

निवृत्ती उभा राहिला. टोपी हातात. "साहेब, हे आमी लग्नात वाजवतो," तो म्हणाला.

बास, एवढंच वाक्य. त्यात फुशारकी नव्हती. ओळखीचं माणूस परगावी भेटावं तसा त्याचा चेहरा झाला होता. पण माईक माझ्या हातात होता, समोर हजार माणसं होती, आणि मला एक विनोद सुचला होता. मी म्हणालो, "होय साहेब! गेल्या साली यानं असंच खालून वाजवलं आणि नवरदेवाचं घोडं उधळून थेट बस स्टँडात गेलं!"

गोदाम फुटलं. पत्रे थरथरले, छावणीतल्या म्हशीही हंबरल्या, त्यावर आणखी हसू. मी आयुष्यात इतका मोठा हशा कधी मिळवला नव्हता. माझ्या माईकच्या आवाजापुढं सरांना निवृत्तीचं बोलणं ऐकूच गेलं नव्हतं. त्यांनी वाकून मला विचारलं, "काय म्हणाले ते?" मी म्हणालो, "काही नाही सर, बँडवाला आहे, गंमत करतोय." निवृत्ती खाली बसला. सरांनी पुढचं वाजवायला घेतलं.

आता खरं सांगतो. ते घोडं फटाक्यांनी उधळलं होतं. नवरदेवाच्या भावानं घोड्याच्या पायात लड पेटवली होती. मी त्या वरातीत होतो, माझ्या डोळ्यांदेखत झालं होतं ते.

पण गोदामात आमचा बँडमालकही बसला होता. पुढच्या लग्नसराईत लोक त्याला चिडवू लागले, "घोडं उधळवणारा बाजा आणू नका हं!" त्यानं निवृत्तीकडून बाजा काढून घेतला आणि त्याच्या हातात खुळखुळा दिला. दहा-बारा वर्षं, बँड बंद पडेपर्यंत, निवृत्तीनं खुळखुळा हलवला. लाल कोट, सोनेरी पट्टे, आणि हातात खुळखुळा... मी एका शब्दानं मालकाशी बोललो नाही. उलट गोष्ट रंगवत नेली. घोडं आधी बस स्टँडात गेलं होतं, मग ते गोदावरीच्या वाळूत गेलं, मग नवरदेवासकट उकिरड्यात पडलं. लोक फर्माईश करायचे. आणि निवृत्ती तिथं असला तर तोच म्हणायचा, "सांग की बे घोड्याचं." मी सांगायचो, तो माझ्या तोंडाकडे टक लावून ऐकायचा आणि शेवटी सगळ्यांबरोबर हसायचा. मला वाटायचं, दिलदार माणूस आहे. एकदाच, माझ्या मुलीच्या लग्नात, हात धुताना तो हळूच म्हणाला, "घोडं फटाक्यांनी उधळलंतं. हाय ना ध्यानात?"

"हाय की."

"बरं," म्हणाला आणि पंगतीकडे गेला. त्या संध्याकाळी मी पुन्हा घोडं उधळवलं.

उमापूरला त्याच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. विहारापुढं मांडव होता, वंदना झाली. सगळे एका सुरात म्हणत होते आणि मला ते सारखं पातळ लागत होतं. मग माणसं आठवणी सांगू लागली. तरणी पोरं मागून ओरडली, "सर, ते घोड्याचं सांगा! दादांना लई आवडायचं!" मी उठलो. माईक हातात घेतला. मी म्हणालो, घोडं फटाक्यांनी उधळलं होतं. निवृत्तीनं काही केलं नव्हतं. त्या दिवशी गोदामात हजार माणसांत एकट्यानं सूर धरला तो त्यानं, आणि मी त्याला हसण्यावारी घालवलं. आणि जे आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं तेही सांगितलं. गोदामातला कार्यक्रम संपल्यावर सरांनी गाडीत बसायच्या आधी मला बाजूला घेऊन पुन्हा विचारलं होतं, "उभा राहिला तो गंमत करत होता, मग तो खालचा आवाज कुणाचा होता? मला भेटायचं आहे त्यांना." निवृत्तीचं नाव घेतलं असतं तर माझा विनोद खोटा पडला असता. मी म्हणालो, "गर्दीत कळलं नाही, सर."

मांडवात कुणी हसलं नाही. मी आजवर जिला घाबरत आलो ती शांतता ही... मी माईक ठेवला आणि कोपऱ्यात जाऊन बसलो.

माणसं पांगल्यावर वहिनींनी मला घरात बोलावलं. चहा पुढं ठेवला आणि म्हणाल्या, "भाऊजी, ते मागंच उभे होते."

"कुठं?"

"तुमी त्या साहेबांशी बोलत होतात तवा. ती मोठाली वाद्यं जवळून बघावीत म्हणून गाडीपाशी गेलते. 'गर्दीत कळलं न्हाई' म्हणलात ते त्यांनी ऐकलं. घरी येऊन सांगितलं मला."

"मग कधी बोलला कसा नाही तो?"

"म्या बी इचारलं. तुमचा कार्यक्रम असला की अंघोळ करून, कपडे बदलून जायचे. म्हणायचे, आज खरं सांगंल तो."

मी कप खाली ठेवून उठलो. भिंतीवर खुंटीला तो जुना बाजा टांगला होता. बँड मोडला तेव्हा मालकानं राहिलेल्या पगारात दिलेला. मी जवळ जाऊन बघितलं. पितळ काळवंडलं होतं, पण ओठ टेकतात ती जागा मात्र लख्ख, आरशासारखी. वहिनींनी सांगितलं की तो रोज सकाळी रेडिओ लावायचा, बाजा पोटाशी घ्यायचा आणि जे गाणं लागेल त्याच्या खालून वाजवत बसायचा. शेजारच्यांना त्रास नको म्हणून दार लावून. गेल्या महिन्यापर्यंत.

"मी लई वरडायचे," वहिनी म्हणाल्या, "तुमचं ते खालचं बंद करा, मला गाणं ऐकू द्या म्हणून. आता रेडिओ लावते, तर गाणं अर्धंच लागतं."

त्यांनी हात लांब करून रेडिओ लावला. कुठलंतरी जुनं गाणं चालू होतं. बाजा वाजवायची माझी लायकी नाही, पण तोंड होतं. मी डोळे मिटले, गोदामातला तो जाड, शांत आवाज आठवला, आणि गाण्याच्या खाली एक सूर धरला. पहिली ओळ निभावली. दुसरीतही धरून ठेवला. तिसऱ्या ओळीला गाणारी बाई वर गेली आणि...

"वर गेलात, भाऊजी," वहिनी म्हणाल्या.

मी पुन्हा खालून सुरू केलं.