बालीतली कटती

ओल्या धानाचा वास आला की मला बालीतली ती जुनी संध्याकाळ आठवते. तुमसरच्या आमच्या दुकानात शेतकऱ्यांच्या अशा धानाच्या दर पोत्यामागे आम्ही थोडं वजन कापतो, त्याला कटती म्हणतात. तिथेही मी तेच केलं. पावसामुळे एक देऊळ बघायचं राहिलं, म्हणून दिवसभर फिरवणाऱ्या गाईडला ठरल्यापेक्षा दोन नोटा कमी दिल्या.

"कायले कापता जी? आपल्यावर छत्री धरून तो भिजला," बायको म्हणाली.

"पाऊस लागला, कटती तर होईनच," मी म्हणालो.

त्याने न मोजता दोन्ही हातांनी पैसे घेतले. पाऊस पुन्हा सुरू झाला, तशी बायकोच्या हातात छत्री देऊन तो भिजत गेला.

ती छत्री अजून दुकानात टांगलेली आहे. तिच्याकडे पाठ करून मी कटती लिहितो.