बॅटरीवर चाललेलं जहाज

सीवूड्सला आमच्या सोसायटीत वीज गेली की जनरेटर सुरू होतो, पायाखालची फरशी बारीक थरथरते आणि मला नॉर्वेतली ती दुपार आठवते. मी प्रवासी जहाजावर इलेक्ट्रिकल ऑफिसर. बाबांची सगळी नोकरी मालवाहू जहाजांच्या इंजिन रूममध्ये गेली, त्यात कान अधू झाले. म्हणून मुलीनं तीच वाट धरलेली त्यांना मुळीच आवडली नव्हती. तरी एका सफरीला मी त्यांना सोबत नेलंच. दोन्ही बाजूंना उंच कडे, त्यांवरून कोसळणारे धबधबे आणि मधल्या अरुंद खाडीत आमचं जहाज. तिथे धूर नको म्हणून डिझेल इंजिनं बंद करून जहाज बॅटरीवर घेतलं. बाबांना ऐकू आलं नाही, पण कठड्यावरच्या हाताला थरथर थांबलेली कळली. "इंजिन गेलं! आता कड्यावर आपटणार!" म्हणत ते जिन्याकडे धावले. मी दंड धरून त्यांच्या कानाशी ओरडले, "बाबा, बंद पडलं नाही, बंद केलंय! बॅटरीवर चाललोय आपण!" त्यांनी वाकून पाहिलं. पाणी संथपणे मागे सरत होतं. "आणि बॅटरी संपली तर?" "तर तुमचं डिझेल आहेच की!" ते हसले. मग कठड्यावर पुन्हा हात ठेवून म्हणाले, "म्हणजे खाली इंजिन रूममधल्या पोरांचे कान वाचले. चल, दाखव मला तुझी बॅटरी." माझं काम त्यांनी आपणहून पाहायला मागितलं, ते तेव्हा पहिल्यांदा.